घेरात उभं राहून पाहिलेलं घर

मागल्या वर्षी माझ्या भाच्याला नागपुरात फ्लॅट घ्यायचा होता. म्हातारा माणूस सोबत असला की बिल्डर जरा नरमतो असा त्याचा समज, म्हणून त्याने मला पांढुर्ण्याहून बोलावून घेतलं. ऑफिसात चहा झाला आणि तिथल्या मुलीने माझ्या डोळ्यांवर एक काळं खोकं बांधलं. म्हणाली, "अंकल, आता तुम्ही हॉलमध्ये उभे आहात. मान फिरवून पाहा." मी मान फिरवली तर खरंच हॉल. मागे वळलो तर दार, वर पाहिलं तर पंखा. बाहेर त्या इमारतीचा अजून पायासुद्धा भरला नव्हता. मी आपला गोल गोल फिरत राहिलो, तेव्हा भाच्याने मला चक्कर आली असं समजून दंडाला धरलं.

"पहिल्यांदाच पाहता ना अंकल?" मुलीने विचारलं.

मी म्हटलं, "बाई, तुझा जन्म व्हायच्या आधी मी हाच धंदा करत होतो. फक्त माझ्या खोक्यात माणूस पायांनी शिरत होता."

ती हसली. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला हसावं तशी हसली. भाच्याने घाईघाईने विषय बदलला. तेव्हा ठरवलं की हे एकदा नीट लिहून टाकायचं.

पांढुर्ण्याला स्टेशनच्या रस्त्यावर माझा स्टुडिओ होता. पासपोर्ट साइज, लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो, सरकारी अर्जाचे फोटो, एवढंच काम. राज्याच्या सीमेवरच्या आमच्या भागात सरकारी कागद हिंदीत आणि भांडण मराठीत, त्यामुळे फोटोवाल्याला दोन्ही भाषांत "हलू नका" म्हणता आलं की झालं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. एक शेतकरी आला आणि त्याने घराचा फोटो काढायला नेलं. मी काढला, धुतला, त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, ही तर भिंत आहे. याच्यात माझं घर कुठी आहे?"

मला राग आला. राग गेल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. खरंच, घर म्हणजे काय समोरची भिंत? आपण अंगणात उभे राहतो तेव्हा पाठीमागेही काहीतरी असतं, आणि ते आहे हे माहीत असतं म्हणूनच आपण घरात असतो. मग पाठीमागचं फोटोत कसं आणायचं?

माझ्याकडे दोन भिंगांचा, वरून खाली पाहायचा कॅमेरा होता. त्याच्या एका रोलात बारा फोटो निघत. घड्याळातही बाराच आकडे. मी एका बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी काढली, ती लाकडी पाटीवर चिकटवून तिपाईवर बसवली आणि वर कॅमेरा फिरता ठेवला. एकच्या आकड्यावर एक फोटो, दोनवर दुसरा, असं करत बारावर आलो की जग पुरं. बोलायला सोपं. पहिल्या चार रोलांत झाडाचं खोड एकीकडे आणि फांद्या दुसरीकडे निघाल्या. का ते कळायला मला अख्खा उन्हाळा लागला. तुम्हीही करून पाहा. एक डोळा बंद करा, डोळ्यासमोर अंगठा धरा आणि मान फिरवा. अंगठ्यामागचं दार सरकतं. माझा कॅमेरा तसाच मान फिरवत होता. फिरायला पाहिजे होतं ते भिंगाच्या जागेवरून. मी कॅमेरा पाटीवर बोटभर मागे घेतला आणि खोडावर फांद्या बसल्या. त्या दिवशी मी डार्करूममध्ये एकटाच हसत बसलो होतो.

मग बारा मोठे प्रिंट काढायचे, कडा जुळवून कापायचे आणि मांजरपाटाच्या लांब पट्टीवर खळीने चिकटवायचे. खळीत मोरचूद घालायचं, नाहीतर झुरळं तुमचं जग खाऊन टाकतात. पट्टी गोल टांगायला आधी बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव वापरली. ती एकदा दोरी तुटून माझ्या पायाशी पडली, तेव्हापासून बुरडाकडून बांबूचं कडं करून घेतलं. कडं आढ्याला टांगायचं, पट्टी त्याला आतून बांधायची आणि माणसाने खालून वाकून आत शिरायचं. उभं राहिलं की चारही बाजूंनी तेच अंगण, तीच झाडं. लोकांनीच त्याला घेर म्हणायला सुरुवात केली. बाहेरून बघणाऱ्याला फक्त पाय दिसत, आणि ते पाय गोल फिरू लागले की मला कळे की माणूस पोचला.

माणसं आत काय काय करत. दिल्लीचा एक संत्र्याचा व्यापारी बगीच्याचा घेर पाहायला आला होता. उन्हात न जाता बगीचा पाहायला मिळतो म्हणून खूश. आत शिरला, फिरला, मग बाहेर येऊन त्याने पट्टी उचलून पाठीमागून पाहिली. मी विचारलं, क्या देख रहे हो सेठ? म्हणाला, "इसके पीछे की लाइन में फल कैसा है?" मांजरपाटाच्या मागे माझी फुटकी खुर्ची होती. तो सौदा करायला शेवटी बगीच्यातच गेला, आणि ते बरोबरच केलं. दुसऱ्या एकाने हट्ट धरला होता की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध उभं राहून गोटमारीचा घेर काढायचा. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, दोन्हीकडून दगड. मी म्हटलं, "बाराव्या फोटोपर्यंत मी राहीन, पण डोकं राहीन काय गा?" त्यावर तो म्हणाला, "मंग सहाच काढा." अशी गिऱ्हाइकं.

एक मोठी खोड घेरात होती, ती सांगून ठेवतो. फोटो बारा, आणि ते एका वेळचे नव्हेत. एकापासून बारापर्यंत जायला वेळ लागे. ऊन ढगात गेलं तर थांबावं लागे, नाहीतर जोडावर अर्धं अंगण काळं आणि अर्धं पांढरं. तेवढ्या वेळात हलणारं माणूस दोनदा, तीनदा दिसे. एका घेरात एकच कुत्रं चार ठिकाणी होतं, आणि मालकाला त्याचा फार अभिमान वाटला.

आता सौंसरच्या गुरुजींची गोष्ट.

गुरुजी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत लकवा आला. उजवी बाजू गेली, वाचा तेवढी शाबूत. घरात ते आणि त्यांची एकुलती एक मुलगी शालू. तिला जाम नदीपलीकडच्या एका गावातून स्थळ आलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून नांदतात. संत्र्याचा बगीचा, पक्कं घर, मुलगा शिकलेला. आमच्याकडे मुलीकडची मोठी माणसं आधी घर पाहायला जातात, आणि घर पसंत पडलं की पुढची बोलणी. मुलगी कधी जात नाही. ती घर पाहते ते माप ओलांडतानाच.

गुरुजींनी मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. आरामखुर्चीत बसले होते. म्हणाले, "हिचे काका, मामा जायला तयार आहेत. जातील, पोहे खातील, चहा पितील आणि येऊन सांगतील की घर चांगलं आहे. पोहे कुठे वाईट असतात? मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मुलगी देणार नाही. आणि मला तर उठता येत नाही. तुमचं ते गोल काय आहे म्हणतात, ते मला दाखवा."

मी कडं कुठे टांगायचं ते पाहू लागलो. आढ्याला पाळण्याची जुनी कडी होती, बरोबर खुर्चीच्या वर. शालू चहा घेऊन आली होती. तिने विचारलं, "पण बाबांना फिरता कुठे येते?"

"मग कडं फिरवू," मी म्हटलं. "बाबा बसतील, घर फिरेल."

गुरुजी इतके हसले की त्यांच्या तोंडातून चहा सांडला. शालूने पदराने पुसला, आणि मी पाहिलं की तीही हसत होती.

मुलाचे वडील नत्थूजी म्हणजे हौशी माणूस. फोटो काढणार म्हटल्यावर त्यांनी अंगण सारवून घेतलं, बैलांची शिंगं रंगवली आणि स्वतः पांढरं धोतर, काळा कोट घालून उभे राहिले. मी कॅमेरा फिरवला तसे तेही सरकले. मी म्हटलं, "नत्थूजी, तुम्ही एका जागी थांबा जी." ते म्हणाले, "माझं घर आहे, मी थोडाच एका कोपऱ्यात राहातो?" प्रिंट जोडले तर घेरात पाच नत्थूजी. एक तुळशीपाशी, एक बैलांपाशी, एक दारात, आणि दोघं जण शेजारी शेजारी, एकमेकांकडे न पाहता.

सौंसरला घेर टांगला तेव्हा नत्थूजी माझ्यासोबत आले होते. स्वतःचं घर फिरताना पाहायचं होतं त्यांना. गुरुजींच्या डोक्याभोवती कडं उतरवलं आणि शालूने बाहेरून ते हळूहळू फिरवलं. आतून गुरुजींचा आवाज, "थांब. मागे घे. हे दार कुठलं? छप्पर कवेलूचं की टिनाचं? व्याही, तुम्ही किती जण आहात?" नत्थूजी खुदुखुदू हसत होते. मला वाटलं, झालं लग्न.

मग गुरुजी म्हणाले, "शालू, तूही पाहा."

आमच्याकडे अशी रीत नव्हती. नत्थूजी जरा चुळबुळले, पण गुरुजींची खुर्ची त्यांनीच बाजूला सरकवली आणि मी कडं वर घेतलं. ती वाकून आत शिरली. तिचे पाय हळू फिरले, थांबले, पुन्हा फिरले. बाहेर आल्यावर म्हणाली, "यात विहीर कुठे आहे?"

"विहीर मागे आहे बाई," नत्थूजी म्हणाले.

"आणि चूल? आणि गोठा?"

"सारं मागेच."

तिने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, ही तर पाहुण्यांची बसायची जागा झाली. मी कुठे राहीन, ते यात नाही."

मला त्या शेतकऱ्याच्या भिंतीची आठवण झाली. इतके दिवस मी पाठीमागचं दाखवतो म्हणून मिरवत होतो, आणि तिपाई प्रत्येक वेळी पुरुषांच्या अंगणातच ठेवत होतो. गुरुजी म्हणाले, "नत्थूजी, हरकत नसेल तर मागचाही घेर काढू द्या." नत्थूजींना कसली हरकत. त्यांच्या मते मागे तर विहिरीला बारमाही पाणी होतं, ते दाखवण्यासारखंच होतं.

मागचं अंगण सावलीचं, कडुनिंबाखाली. त्या दिवशी आभाळात ढग येऊन जाऊन होते, त्यामुळे एकेका फोटोला थांबावं लागलं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्या समोरच्या खोलीत. थोरला मुलगा ट्रकवर, संत्री घेऊन दूर गेलेला. मागे फक्त त्याची बायको होती. परका माणूस म्हणून तिने पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि काम करत राहिली. मी म्हटलं, "बाई, जरा थांबता काय? हललं तर फोटो खराब होते."

"थांबली तर पाणी कोण भरन भाऊ?" ती म्हणाली. पण मी बटन दाबताना ती तेवढ्यापुरती पाठमोरी थांबे. एवढं तिने केलं.

दुसरा घेर घेऊन मी आणि नत्थूजी पुन्हा सौंसरला गेलो. या वेळी शालू आधी आत गेली. बराच वेळ लागला. मग आतूनच तिने विचारलं, "घरात बाया किती आहेत?"

"सून एकच आहे," नत्थूजी म्हणाले. "काहून?"

"इथे तिघी दिसतात. एक विहिरीवर, एक गोठ्यात, एक चुलीपाशी."

"बाकीच्या दोघी मजूर असतीन. कामाले येतात बाया." नत्थूजी सहज बोलले. मग स्वतःच उठून आत शिरले, शालू बाजूला झाली. त्यांचे पाय फिरले. "हो, तिघी आहेत. पाहा ना, कामाले माणसाची कमी नाही आपल्या घरी."

ते खोटं बोलत नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर पदर वर करत नाही आणि सासरा सुनेशी सरळ बोलत नाही, भिंतीशी बोलल्यासारखं बोलतो. घरात येऊन सात-आठ वर्षं झाली होती तिला. त्यांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं, तर फोटोत ओळखणार कशी?

शालू मात्र माझ्याकडे पाहत होती. "पहिल्या घेरात नत्थूजी पाच होते," ती म्हणाली. "या तिघींच्या पण पदराला एकाच जागी ठिगळ आहे."

आता सगळे माझ्याकडे पाहू लागले. गुरुजींनी मास्तरी आवाजात विचारलं, "फोटोवाले, खरं काय ते सांगा. तीन की एक?"

गप्प राहणं सोपं होतं. लग्न माझं नव्हतं आणि नत्थूजी चांगले माणूस होते. शिवाय ज्याच्या घरी चहा प्यायलो त्याची सोयरीक मोडायची म्हणजे पंचक्रोशीत नाव जायचं. पण घेर माझा होता. त्यात जे दिसतं ते काय आहे, हे माझ्याशिवाय कोण सांगणार?

"एकच आहे गुरुजी," मी म्हटलं. "मी पाहत होतो. तीच पाणी भरत होती, तीच शेण काढत होती, तीच चुलीला लागली. मधे बसली नाही."

नत्थूजी पुन्हा घेरात शिरले. या वेळी त्यांचे पाय फार हळू फिरले. बाहेर आले ते कोणाकडे न पाहता म्हणाले, "तिन्ही सुनबाईच?"

शालू वडिलांच्या खुर्चीपाशी खाली बसली. "बाबा, मला हे घर नको."

गुरुजींनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. लकव्याच्या माणसाचे डोळे लवकर भरतात, त्यांचेही भरले. स्थळ हातचं जात होतं, आपण किती दिवसांचे ते ठाऊक नव्हतं, आणि एवढं चांगलं स्थळ परत येईल याची खात्री कोणीच देत नव्हतं. हे सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तरी ते म्हणाले, "नाही तर नाही. नत्थूजी, माफी असावी." नत्थूजी उठले, पट्टी सोडवायला मला त्यांनी मदत केली आणि परतीच्या बसमध्ये गुंडाळलेली पट्टी सगळा वेळ स्वतःच्या मांडीवर धरून बसले.

पुढचं ठरल्यासारखं झालं. फोटोवाला सोयरिकी मोडून राहिला, अशी बोंब झाली. लग्नाची घरं मला बंद. ज्यांची मुलं लग्नाची नव्हती तेसुद्धा मागचं अंगण म्हटलं की दार लावू लागले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? इतकं डोकं लावून उभं केलेलं काम, आणि ते चांगलं होतं म्हणूनच बुडालं. शालूचं पुढे लोधीखेड्याच्या एका शिक्षकाशी जमलं. गुरुजी लग्न पाहून गेले. ते घर मी काढलं नाही. शालू स्वतः काकांबरोबर जाऊन पाहून आली म्हणतात, आणि काका पोहे खात होते तेव्हा ती मागे विहिरीवर गेली होती.

त्यानंतर संत्र्याच्या हंगामात एका दुपारी नत्थूजी माझ्या स्टुडिओच्या पायरीवर येऊन उभे राहिले. मागे सून होती, पदर हनुवटीपर्यंत. मला वाटलं, भांडायला आले.

"तो मागचा घेर आहे काय अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मंग टांगा. इले पाहू द्या." आणि ते आत न येता रस्त्याकडे तोंड करून पायरीवर बसले.

मी घेर टांगला. ती वाकून आत गेली. बाहेरून मला फक्त तिचे पाय दिसत होते, टाचा फुटलेल्या, एका बोटात जोडवं. आत कोणी पाहणारं नव्हतं, तेव्हा पदर तिने मागे टाकला असणार. पाय थोडे फिरले. थांबले. पुन्हा फिरले. एक फेरी झाली, दुसरी झाली. मी काउंटरमागे उगाच काचा पुसत राहिलो.

मग आतून आवाज आला. "भाऊ, घरी तर म्हणतात का मी दिवसभर बसून राहाते."

मी फडकं खाली ठेवलं.

पाय आणखी एकदा पुरे गोल फिरले. "मी पाहून राहिली कवाची. याच्यात मी बसलेली कुठी आहो?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पायरीवरून नत्थूजी बोलले. रस्त्याकडेच पाहत होते, पण या वेळी मधे भिंत घेतली नाही.

"कुठीच नाही बेटा," ते म्हणाले. "म्या पाह्यलं."